राग आला की रडूच येतं

पत्र असं आहे:

'मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची, वय 27. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. शाळा मराठी माध्यमाची. कानडी समजतं, कामापुरतं बोलताही येतं. आमचे साहेब कानडीच बोलतात, तेही भरभर. गेल्या महिन्यात जॉबवर्कच्या एका चलनावरून, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेल्या मालासोबतच्या कागदावरून, त्यांनी मला चारचौघांत धारेवर धरलं. चलन स्टोअरमधूनच उशिरा आलं होतं, माझी चूक नव्हती. पण बोलायला गेले आणि पुतळाच झाले. घसा दाटला, आवाज चिरकला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला राग आला होता हो, रडू नव्हतं आलं! त्या दिवसापासून ऑफिसात मला रडकी म्हणतात. बाप्ये ओरडतात, टेबलावर हात आपटतात, त्यांना कोण काही म्हणत नाही. घरी आले की आईवर उखडते. परवा भात गार झाला एवढ्यावरून ताट सरकवलं. रात्री पडल्यावर साहेबांना द्यायची उत्तरं एकेक करून सुचतात. आई म्हणते रडून मोकळी हो, मैत्रीण म्हणते उशीवर बुक्क्या मार. रडून तर माझं डोकंच दुखतं. राजीनामा दोनदा मोबाइलवर लिहून ठेवलाय. मी कमकुवत आहे का? रडू थांबवायचं कसं?'

ताई,

'राग आला होता हो, रडू नव्हतं आलं' हे तुमचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. भावना रागाचीच होती. डोळ्यांतलं पाणी ही भावना नव्हे, ते शरीराचं एक काम आहे, आणि तेच काम शरीर वेगवेगळ्या भावनांत करतं. लेक सासरी निघाली की पाणी येतं, दहावीचा निकाल चांगला लागला तरी येतं, हात बांधलेले असताना कुणी वाटेल ते बोललं तरी येतं. 'रडली म्हणजे खचली' हा ऑफिसचा हिशोब चुकलेला आहे. पंचाईत अशी की तुम्हीही तो आपल्या खात्यावर लिहून घेतलाय.

साहेबांचा आवाज चढला तिथपासून काय काय झालं ते सावकाश बघू. मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला बदामाएवढा एकेक पुंजका असतो, त्याला अमिग्डला म्हणतात. समोर चाललंय ते आपल्या जिवावर किंवा मानावर उठलंय का, याची पहिली ढोबळ छाननी तिथे होते. नीट विचार व्हायच्या आधीच होते. तिथून निरोप सुटला की काही सेकंदांत मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात. छाती धडधडते, तळवे ओले होतात, खांदे आवळतात. जास्त हवा आत घ्यायची म्हणून स्वरयंत्राची फट रुंद उघडते. नेमकं त्याच वेळी तुम्ही आवंढा गिळायला जाता आणि गिळताना ती फट मिटावी लागते, नाहीतर गिळलेलं श्वासनळीत उतरेल. एक ओढ उघडायची, एक मिटायची. या रस्सीखेचीतून जे जाणवतं त्याला आपण घशातला गोळा म्हणतो. गोळा असा तिथे काही नसतो. स्वरयंत्राचे बारीक स्नायूही ताठलेले असतात, म्हणून आवाज चिरकतो.

अश्रूंची गंमत वेगळी आहे. अश्रुग्रंथीला हुकूम देणारी नस मज्जासंस्थेच्या लढाईच्या शाखेतली नाही, शरीर निवांत करणाऱ्या शाखेतली आहे. म्हणजे अंगात एकीकडे लढायची तयारी चालू असते, दुसरीकडे कुणीतरी पाण्याचा नळ सोडलेला असतो. हे तुम्ही ठरवून करत नाही, म्हणून 'रडायचं नाही' असं ठरवून ते थांबतही नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. तुमच्या पत्रात त्यातले तीन सरळ सापडतात. पुतळा झाले म्हणजे स्तंभ, आवाज चिरकला तो स्वरभंग, आणि अश्रू तर आहेतच. कीर्तनात बुवा हेच भाव भक्ताच्या अंगी उमटल्याचं सांगतात तेव्हा आपण हात जोडतो. उद्यमबागेत उमटले की रडकी!

मग रागातच का येतं? इतरांना राग येतो तेव्हा ते ओरडतात ना? नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आद फिंगरहुट्स यांनी अनेक वर्षं मोठ्या माणसांच्या रडण्याचाच अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत रडण्याच्या मुळाशी बहुतेकदा अगतिकता असते: काहीतरी व्हायला हवं, पण आपल्या हातून ते होण्याजोगं नाही. राग माणसाला पुढे ढकलतो. पुढची वाट मोकळी असली तर तो आवाजातून बाहेर पडतो, आणि वाट अडलेली असली (समोर पगार देणारा माणूस, भोवती चार लोक, बोलायची भाषा आपली नाही) तर पाण्यातून. ओरडणाऱ्या बाप्यांची वाट अडलेली नसते, एवढाच फरक. वर आणखी एक अन्याय आहे तो तुम्ही बरोबर हेरलाय. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कामाच्या ठिकाणी रागावलेल्या पुरुषाचं वजन लोकांच्या नजरेत वाढलं, तशीच रागावलेली बाई दिसली तर तिचं घटलं. म्हणून 'तुम्हीही टेबल आपटा' असा सल्ला आम्ही देणार नाही. तो तुम्हाला महागात पडेल.

भाषेचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, आमच्या मते तो मोठा आहे. अंगावर ताण आला की कपाळामागचा मेंदूचा भाग ढिला पडतो. शब्द निवडणं, वाक्य जुळवणं, दोन गोष्टी एकदम ध्यानात धरणं ही त्याची कामं. आईच्या भाषेत बोलायला त्याची फारशी गरज लागत नाही, शब्द आपसूक येतात. दुसऱ्या भाषेत मात्र प्रत्येक वाक्य मनात बांधावं लागतं आणि बांधणारा गवंडीच त्या घटकेला जागेवर नसतो. मग चलन, तारीख, स्टोअर हे सगळं मराठीत मनात स्वच्छ असूनही कानडीत तोंडाला कुलूप. रात्री ॲड्रेनालिन उतरलेलं असतं, गवंडी कामावर आलेला असतो, म्हणून उत्तरं सुचतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. ते मठ्ठपणाचं लक्षण नाही.

आता जुना एक वाद थोडक्यात, कारण उपाय त्यातून निघतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये उलटीच गोष्ट मांडली: दुःख झालं म्हणून आपण रडतो असं नाही, रडतो म्हणून दुःख जाणवतं. शरीर आधी, भावना मागून. पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी हरकत घेतली. धडधड, घाम हे तर भीतीतही असतं, रागातही असतं. नुसत्या शरीरावरून मनाला कळणार कसं की हा राग आहे? आज बहुतेक जण दोन्ही धरून चालतात. अंगातली खळबळ आणि तिला आपण लावलेला अर्थ, दोन्ही मिळून भावना. म्हणजे भावना धरायला तुमच्या हाती मुठी दोन आहेत, शरीराची आणि अर्थाची. 'रडू थांबवायचं कसं' असं विचारताना तुम्ही तिसरीच धरता, चेहऱ्याची. चेहरा दगडासारखा ठेवायचा, ओठ चावायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी हे प्रयोगशाळेत तपासलंय. भावना दाबणाऱ्यांचा चेहरा शांत दिसतो, पण अंगातली खळबळ कमी होत नाही, उलट वाढते. आणि दाबण्यातच लक्ष खर्च झाल्यामुळे समोरचा काय बोलला ते नीट लक्षात राहत नाही. साहेब चलनाबद्दल नेमकं काय म्हणाले, हे त्या दिवशी तुम्हाला संध्याकाळी आठवत होतं का बघा.

पहिली मूठ शरीराची. रडू एकदम येत नाही, त्याआधी थोडी वर्दी असते. कुणाचे कान गरम होतात, कुणाच्या नाकाच्या शेंड्याला झिणझिण्या येतात, कुणाची हनुवटी थरथरते. मागचे तीन प्रसंग आठवा आणि तुमची पहिली खूण कोणती ते लिहून काढा. घशातला गोळा ही पहिली खूण नव्हे. गोळा आला म्हणजे उशीर झालेला आहे.

खूण ओळखली की श्वास. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटात सहा श्वास होतात. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे घाईघाईने मोठमोठे श्वास घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, संथ हवा. दुसरी चूक, ऐन प्रसंगात पहिल्यांदा करून बघणं. सकाळच्या बसमध्ये जागा मिळाली की रोज दहा मिनिटं करा, दोन आठवडे. सवय बसली तरच हा श्वास साहेबांसमोर आठवेल.

टेबलावर पाण्याची बाटली ठेवा आणि केबिनमध्ये जाताना सोबत न्या. लहान घोट. गिळण्याची क्रिया पूर्ण झाली की घशाची ओढाताण सैल पडते. डोळे वर करणं, जीभ टाळूला दाबणं याने काही सेकंद मिळतात, तेवढ्यापुरतंच त्याला वापरा.

आणि एक वाक्य पाठ करा. 'ऐदु निमिष कोड्री सर, नोडि हेळ्तेनि.' पाच मिनिटं द्या सर, बघून सांगते. तुम्हाला हे येत नाही असं नाही, पण ताणात वाक्य जुळवता येत नाही. पाठ असलेलं मात्र आख्खं बाहेर पडतं, जसं झोपेतही पाढे म्हणता येतात. घरी उभं राहून, मोठ्याने, रोज वीस वेळा म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं धरू नका, स्वरयंत्रालाही सवय लागायला हवी.

पाच मिनिटं ही खोलीबाहेर पडण्यासाठी. उत्तर द्यायला पाच मिनिटांत परत जाऊ नका, अर्धा तास तरी जाऊ द्या. ॲड्रेनालिन काही मिनिटांत ओसरतं, पण कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक सावकाश चढतं आणि प्रसंग सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी कळसाला पोचतं. त्या चढावर असताना परत केबिनमध्ये गेलात तर दुसरी फेरी पहिलीपेक्षा वाईट होऊ शकते. अर्ध्या तासात कागद तयार करा: माल कधी गेला, चलन स्टोअरमधून कोणत्या तारखेला निघालं, तुमच्याकडे नोंद कधी झाली. तीन तारखा, एकाखाली एक. तारखांना कानडी लागत नाही, मराठी लागत नाही. कागद टेबलावर ठेवा आणि बोट फिरवा. साहेब जागचे हलूच देत नसतील तर वही उघडून त्यांचं बोलणं लिहून घ्या. हाताला काम लागतं, नजर खाली ठेवायला कारण मिळतं, आणि नंतर काय म्हणाले त्याची नोंद राहते.

एवढं करूनही पाणी आलं तर? येईल की. पहिले काही महिने येईलच. तेव्हा तोंड लपवून बाथरूमकडे धावू नका, पाणी पुसत पुढचं वाक्य बोला: 'हे काम चोख व्हावं असं मला मनापासून वाटतं सर, म्हणून डोळे भरले. मुद्दा तारखांचा आहे.' 2016 साली प्रसिद्ध झालेल्या काही अमेरिकी प्रयोगांत असं दिसलं की कामावर रडू आल्यावर ते कामाच्या तळमळीमुळे आलं असं सांगणाऱ्याला लोक जास्त सक्षम मानतात. 'मी जरा हळवी आहे' असं सांगणाऱ्याला कमी. 'सॉरी, मी ना लगेच रडते' हे तुमच्या तोंडून जात असेल तर ते आजपासून बंद.

दुसरी मूठ अर्थाची, म्हणजे नावाची. तुम्ही पत्रात सगळ्याला 'राग' हा एकच शब्द वापरलाय. आपल्या भाषेत याच्या किती छटा आहेत बघा. वैताग हा कटकटीचा. चीड अन्यायाची, आणि ती दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाचीही येते. संतापात भान सुटतं. चरफड म्हणजे करता काहीच येत नसलेला राग. त्रागा म्हणजे असा राग की जो काढायचा दुसऱ्यावर आणि त्रास करून घ्यायचा स्वतःला: ताट सरकवणं, उपाशी झोपणं. ओशाळणं वेगळं, हिरमुसणं वेगळं. आणि कुचंबणा! बोलायचं आहे, मुद्दा आपला खरा आहे, पण बोलायची सोयच नाही. सीमाभागातल्या माणसाला कुचंबणेचा अर्थ कोशात बघावा लागत नाही. सरकारी खिडकीपुढे अर्ज हातात धरून उभं राहिलं की कळतो.

हे शब्दांचे खेळ नव्हेत. कॅलिफोर्नियात 2007 साली मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना भावना दाखवणारे चेहरे बघायला दिले आणि मेंदूचं चित्रण केलं. ज्यांनी त्या भावनेला शब्द निवडला त्यांच्या अमिग्डलाची हालचाल कमी झाली. नुसतं बघून, किंवा चेहऱ्याच्या माणसाला नाव देऊन, तेवढी झाली नाही. शब्द नेमका असला की पुढे काय करायचं तेही दिसतं. चरफड असेल तर हातात काय आहे ते शोधायचं, तोच तो तीन तारखांचा कागद. कुचंबणा असेल तर वाक्य पाठ करायचं. ओशाळलेपण असेल तर आपलीही काही चूक होती का, हे शांतपणे बघायचं. नुसत्या 'राग' या नावावरून यातलं काहीच सुचत नाही.

नाव मनात मराठीतच द्या. 2003 सालच्या एका अभ्यासात तुर्की मातृभाषेच्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांत शब्द ऐकवले. लहानपणी आईबाप रागवायचे तसली वाक्यं तुर्कीत ऐकली की तळव्याचा घाम जास्त वाढायचा, इंग्रजीत तितका नाही. भावनेची मुळं पहिल्या भाषेत खोल गेलेली असतात. याची एक बाजू तुमच्या फायद्याची आहे: साहेबांची कानडी बोलणी शब्द म्हणून तुम्हाला तेवढी झोंबत नसावीत, जेवढा त्यांचा सूर झोंबतो. पुढच्या वेळी शब्दांकडे कान द्या, त्यात चलनाबद्दल काय आहे तेवढं वेचा.

आता आई आणि गार भात. वड्याचं तेल वांग्यावर, हे तुम्हालाही कळलंय. आम्हाला त्यापेक्षा मधली बस महत्त्वाची वाटते. उद्यमबागेतून निघून खानापूर गाठेपर्यंत राग शांत व्हायला वेळ भरपूर आहे. मग तो शांत का होत नाही? कारण मच्छे गेलं, गणेबैलचा टोलनाका आला, तरी तुम्ही त्या केबिनमध्येच बसलेल्या असता. 'ते असं म्हणाले, मी असं म्हणायला हवं होतं.' प्रत्येक उजळणीला शरीर पुन्हा तापतं. त्याच्या लेखी प्रसंग आत्ता घडतोय. वेळ गेला की राग विझतो हे खरं, पण फुंकणीने फुंकत बसलं तर चूल विझायची कशी? आणि भट्टी घेऊन उंबऱ्यात पाऊल टाकलं की जे पहिलं समोर येईल त्यावर ठिणगी उडते. ते बहुतेकदा सुरक्षित माणूस असतं, जे आपल्याला सोडून जाणार नाही याची खात्री असते असं.

म्हणून मैत्रिणीचा उशीचा सल्लाही ऐकू नका. 2002 साली मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 600 विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं. आधी त्यांना चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याला आठवत बॉक्सिंगच्या पोत्यावर बुक्क्या मारायला लावल्या, काहींना व्यायाम म्हणून मारायला लावल्या, काही नुसते बसून राहिले. सगळ्यात जास्त राग पहिल्या गटाला राहिला, सगळ्यात कमी आक्रमक ठरले ते नुसते बसलेले. राग म्हणजे कुकरातली वाफ नव्हे, की शिट्टी झाली आणि उतरली. तो सराव केल्याने पक्का होतो.

बसमध्ये मनाला असं काम द्या ज्यात उजळणीला जागा उरणार नाही. गाणी चालत नाहीत, गाण्याखाली विचार चालूच राहतात. तुम्ही आकड्यांच्या माणूस आहात: 500 मधून 7 वजा करत खाली या, चुकलात तर पुन्हा 500. किंवा दुकानांच्या कानडी पाट्या वाचत त्यातले नवे शब्द टिपा, कामालाही येतील. दुपारचा डबा तसाच परत आणत असाल तर तेही बंद करा. रिकाम्या पोटाच्या चिडचिडीला माणूस उगाच कुणाचं तरी नाव देतो.

घरी शिरताना एक वाक्य: 'आई, आज ऑफिसात झालंय, तुझ्यावर काही नाही. चहा होईपर्यंत काही विचारू नको.' हातपाय धुवा, चहा घ्या, मग बोला. परवाच्या ताटाबद्दल माफी मागितली नसेल तर मागा, पण नेमकी मागा: 'भात गार होता म्हणून ताट सरकवलं, ते चुकलं.' 'मीच वाईट आहे गं' अशी नको. केलेल्या गोष्टीची खंत माणसाला दुरुस्तीकडे नेते. स्वतःचीच शरम वाटायला लागली की माणूस तोंड लपवतो किंवा उलटा अंगावर जातो, आणि 'मीच वाईट' ऐकल्यावर समजूत घालायचं काम पुन्हा आईच्याच गळ्यात पडतं.

रात्री सुचणाऱ्या उत्तरांवर उपाय वहीचा: झालेला प्रसंग आणि तेव्हा काय वाटलं ते लिहायचं. जेवणानंतर, झोपायच्या तासभर तरी आधी, पंधरा-वीस मिनिटं, सलग चार दिवस. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1980 च्या दशकापासून तपासलेली ही पद्धत आहे. एक फरक करून लिहा: 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घालून, 'तिला तेव्हा काय वाटलं, का वाटलं' असं. थोडं लांबून बघितलं की तोच प्रसंग कमी भाजतो. नुसती उत्तरंच लिहिली जायला लागली तर थांबा, ती उजळणीच आहे, फक्त कागदावर.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं तुमच्या बाजूचं झालं. साहेब महिन्यातून एकदा तापत असतील आणि कागद दाखवल्यावर ऐकत असतील तर वरचं पुरेल. रोज, चारचौघांत, चूक नसताना आणि तुम्हालाच बोलत असतील, तर तुमचा राग बिघडलेला नाही, तो बरोबर खबर देतोय. अशा वेळी श्वास मोजत बसणं हा उपाय नव्हे. तारीखवार नोंद ठेवा आणि मालकांकडे किंवा एचआरकडे लेखी द्या. बोलण्यात लैंगिक सूर असेल तर 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार घेणारी अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे.

आणखी थोडं. पाळीच्या आधीच्या आठवड्यातच रडू जास्त येतं का, हे कॅलेंडरवर दोन-तीन महिने टिपा. तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या. दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, झोप किंवा भूक बिघडणं, जगणं नकोसं वाटणं यातलं काही असेल तर सदरातल्या सल्ल्यावर राहू नका. टेली-मानस 14416 हा सरकारी फोन चोवीस तास, मोफत आहे, भाषा निवडता येते. बेळगावच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे.

राहिला आईचा सल्ला, रडून मोकळं व्हायचा. आईचंही खरं आहे, तुमचंही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना रडू आणणारे चित्रपट दाखवले. रडलेल्यांची मनःस्थिती संपल्यासंपल्या आणखी बिघडलेली होती, वीस मिनिटांनी मूळ पदावर आली, आणि दीड तासाने चित्रपटाआधीपेक्षाही बरी होती. तुम्ही डोकेदुखीच्या त्या पहिल्या वीस मिनिटांतच निकाल लावता. राजीनाम्याचे दोन्ही मसुदे किती वाजता लिहिलेत ते मोबाइलमध्ये दिसेल. बघा, आणि रडणं संपून किती वेळ झाला होता तेही आठवा. खोडू नका ते. 11 तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, जाऊ दे. 12 ला सकाळी, चहा झाल्यावर, बसला निघायच्या आधी दोन्ही वाचा. तेव्हाही सही करावीशी वाटली तर आईला सांगा आणि करा.